दोन खाचांची बाल्कनी

१. मोडण्याची जागा

बाल्कनी शनिवारी सकाळी सव्वाआठ वाजता पडली. त्या वेळी तिच्यावर सतरा कुंड्या, एक पत्र्याची झारी आणि एकाहत्तर वर्षांचे एक शिवणमास्तर होते. मास्तर रुग्णवाहिका येण्यापूर्वीच गेले. झारीला साधा पोचाही आला नाही. अशा घटनांत न्याय नसतो, फक्त वस्तुमान असते.

घराला चार वर्षे झाली होती.

सोमवारी परवाना मंडळाच्या निरीक्षक बाई आल्या. मंडळ नवे होते. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत घरे बांधण्यासाठी एक फलक आणि एक फोन एवढे भांडवल पुरत असे. केस कापणाऱ्याला परवाना लागे, घर बांधणाऱ्याला नाही. बाईंनी त्याआधी वीस वर्षे कॉलेजात पदार्थांची ताकद हा विषय शिकवला होता. कुठेही गेल्या की पिशवीतून छोटी हातोडी काढून त्या भिंत वाजवून पाहत, म्हणून त्यांच्या मागे सगळे त्यांना ‘हातोडीबाई’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते. नाव वस्तुस्थितीला धरून असल्याने त्यांची हरकत नव्हती.

पडलेला तुकडा अंगणात पालथा होता. मास्तरांची मुलगी त्याच्यापासून चार पावलांवर उभी होती. पलीकडच्या गल्लीत तिचे औषधांचे दुकान होते. तीन वर्षांपासून ती वडिलांसोबत या घरात राहत होती.

“ठेकेदार म्हणतो, फिटरने सळया खाली टाकल्या, वर टाकायला हव्या होत्या,” ती म्हणाली. “त्याने एवढा फरक पडतो?”

“हात सरळ पुढे धरा,” बाई म्हणाल्या आणि तिच्या तळहातावर हातोडी ठेवली. “ओढ कुठे जाणवते?”

“खांद्याशी. वरच्या बाजूला.”

“बाल्कनी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. वरची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाबाला पुरून उरतं, पण ताणापुढे नांगी टाकतं. म्हणून लोखंड वर लागतं.”

“आणि इथे ते खाली आहे.”

“या तुकड्यात खाली आहे.” बाईंनी हातोडी परत घेतली आणि मान वर केली. वरच्या मजल्यावर बाल्कनीचा उरलेला भाग भिंतीला चिकटून होता. त्यांनी आधी तो मापला, मग पडलेला तुकडा. वर तीन फूट, खाली दोन फूट. हातातली फीत त्यांनी जरा जास्तच वेळ उघडी ठेवली.

“काय झालं?” मुलीने विचारले.

“ओझ्याने हात मोडला तर तो खांद्यातून मोडतो. हा कोपरातून मोडलाय.” बाईंनी फीत गुंडाळली. “आणि तोही पट्टीने रेघ मारावी तसा.”

२. चौदा नंबरची फाइल

ठेकेदाराच्या कचेरीत एकतीस फायली क्रमाने उभ्या होत्या. चौदावी नव्हती.

“शोधतोय, मॅडम. परवापर्यंत होती,” ठेकेदार म्हणाला. फळीवर सगळीकडे धूळ होती, चौदाव्या जागेवर नव्हती. म्हणजे फाइल नुकतीच गेली, एवढे तरी त्याचे खरे होते.

“मास्तरांच्या घराचा नकाशा त्यातच?”

“त्यातच. दुसरी प्रत मास्तरांकडे.”

मास्तरांची प्रत मुलीला घरात सापडली नव्हती. तिसरी प्रत अस्तित्वातच नव्हती, कारण एवढ्या लहान घराचा नकाशा त्या काळी कुठे दाखल करावा लागत नसे.

“मॅडम, तुम्ही उगाच खोलात जाताय. तुकडा डोळ्यांसमोर आहे. लोखंड खाली. लोखंड कोण बांधतो? फिटर. दोन आणि दोन चार.”

“बेरीज बरोबर आहे. दोन कुठून आले ते पाहतेय. कामावर तुमची देखरेख असते?”

“असते की! पण लोखंड फिटर बघतो, माल गवंडी बघतो. मी काय प्रत्येक सळईच्या उशाशी बसू? हां, रेलिंगचं माप मात्र मी स्वतः घेतो. प्रत्येक घराचं. मागे एकदा वेल्डरने दोन बोटं कमी भरवलं, तेव्हापासून कानाला खडा. टेप माझ्याच हातात.”

“मास्तरांच्या घरीसुद्धा?”

“सांगतोय काय मग!” त्याने चहाचा कप पुढे सरकवला. “शुक्रवारी सुनावणी आहे. फिटरचं नाव लिहा, विषय संपवा. माझा परवान्याचा अर्जही तुमच्याच टेबलावर पडलाय. चांगल्या कामात अडथळा नको.”

“अर्ज वाचला मी,” बाई म्हणाल्या. “अनुभवाच्या रकान्यात तुम्ही लिहिलंय, आजवर एकही तक्रार नाही.”

“नाहीच!”

“तक्रार करायची कुठे, तेच आठ महिन्यांपूर्वीपर्यंत कुणाला माहीत नव्हतं.”

बाईंनी चहा घेतला नाही. उठताना त्यांनी वहीत एकच वाक्य उतरवले. ते लोखंडाबद्दल नव्हते, रेलिंगबद्दल होते.

३. एका सळईचे पाच तुकडे

फिटर घरामागच्या मोकळ्या जागेत बसला होता. समोर सळया वाकवायचे लाकडी टेबल होते, त्यावर काम नव्हते. शनिवारपासून त्याला कुणी बोलावले नव्हते. शुक्रवारच्या अहवालात त्याचे नाव आले, तर मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल होणार होता. मग बोलावणे आले असते, पण कामाचे नव्हे.

“तुम्ही सळया कुठे ठेवल्या होत्या?”

“वर.”

“नक्की?”

“वर.”

“अहो, जरा सविस्तर सांगा ना!” दारातून त्याची बायको म्हणाली. “बाई, यांना बोलतं करण्यापेक्षा सळई वाकवणं सोपं. शनिवारपासून चार शब्द बोललेत, त्यातले दोन ‘नको’.”

फिटर उठला. पडलेला एक सळईचा तुकडा त्याने टेबलाच्या खुंट्यांमध्ये अडकवला आणि टोक वाकवले. काठीच्या मुठीसारखे वळण झाले.

“बाल्कनीची सळई अशी. टोक खाली वळवायचं.”

“पडलेल्या तुकड्यातल्या सळयांना वळण नाही. सरळसोट आहेत.”

“मग त्या माझ्या नव्हेत.”

“तुमच्यानंतर तिथे कोण होतं?”

“स्लॅब भरला त्या संध्याकाळी मी दुसऱ्या कामावर गेलो. परत पाहिलं नाही.”

“बाल्कनी किती फूट बाहेर होती?”

फिटरने बराच वेळ विचार केला. “फूट आठवत नाहीत. तोडणी आठवते. एका आख्ख्या सळईचे पाच तुकडे, भंगार शून्य. अशी तोडणी रोज जमत नाही.”

“आख्खी सळई चाळीस फुटी?”

“चाळीस.”

“भिंतीच्या आत किती घेता?”

“बाहेर असेल त्याच्या दीडपट. शिवाय अर्धा फूट वळणाला.”

बाईंनी वहीत आकडे मांडले. चाळीसचे पाच भाग, म्हणजे प्रत्येक तुकडा आठ फूट. अर्धा फूट वळणाचा गेला. उरलेल्या साडेसातातले साडेचार आत, तीन बाहेर. पाच फुटांच्या बाल्कनीला तेरा फुटांची सळई लागली असती.

“यांचं काही चुकलंय का हो?” बायकोने विचारले. तिचा आवाज आता वेगळा होता.

बाईंनी खोटे सांगितले नाही. “दोनच शक्यता आहेत. एकतर यांनी लोखंड मुळातच आखूड तोडलं...”

“आणि दुसरी?”

“दुसरी सिद्ध करायला माझ्याकडे अजून काही नाही.”

४. योग्य मापाची

घर नीट बांधले गेल्याच्या दाखल्यावर एका इंजिनिअरची सही होती. त्याच्या टेबलावर काचेखाली त्याच्या पदव्या होत्या आणि काचेवर त्याचे जेवण.

“मी भेट दिली होती,” इंजिनिअर म्हणाला.

“कधी?”

“फोटोवर.”

“फोटो आहेत?”

“फोनमध्ये होते. फोन बदलला.”

“दाखल्यावर बाल्कनीचं माप लिहिलंय, ‘योग्य’. योग्य म्हणजे किती फूट?”

“मॅडम, त्याच सुमारास मी चाळीस दाखले दिले. सही माझी आहे, मत माझं असेलच असं नाही.”

बाईंनी हे वाक्य शब्दशः उतरवून घेतले आणि त्याखाली त्याची सही मागितली. ती मात्र त्याने दिली नाही. चार वर्षांत त्याची ही पहिली सावधगिरी असावी.

गवंडी सापडला एका शाळेच्या छतावर. तो खिडकीवरच्या छज्ज्याची कड ओढत होता, आणि त्याचे काम पाहण्यासारखे होते. हात चाले तसे तोंडही चाले.

“या बाई, बसा. नको, त्या पोत्यावर नको, सिमेंट लागेल. हे बघा, कड कशी आलीय? आरसा! आणि खालून वाकून बघा. खाच दिसते?”

छज्ज्याच्या पोटाला, कडेपासून दोन बोटे आत, एक सरळ खाच कोरलेली होती.

“पावसाचं पाणी कडेवरून ओघळतं आणि लबाडासारखं पोटाखालून भिंतीकडे सरकतं. खाच असली की तिथेच थेंब तुटून पडतो. तीस वर्षं झाली, माझ्या हातून एक कड खाचेशिवाय सुटलेली नाही. ठेकेदार म्हणतो, कशाला वेळ घालवतोस? मी म्हणतो, तुझं नाव फलकावर असतं, माझं खाचेत.”

“मास्तरांच्या बाल्कनीलाही ठेवली होती?”

थापी थांबली.

“ठेवली असणारच.”

“कुठे?”

“कडेला. आणखी कुठे ठेवणार?” तो वळला आणि ओढून झालेली, गुळगुळीत कड पुन्हा ओढू लागला.

५. आवाज बदलतो तिथे

बुधवारी सकाळी बाई शिडीवर चढल्या. शिडी मास्तरांच्या मुलीने धरली होती.

उरलेल्या तीन फुटांच्या पोटाला त्यांनी भिंतीपासून हातोडी लावायला सुरुवात केली. खणखणीत, खणखणीत, खणखणीत. मोडलेल्या कडेच्या दोन बोटे अलीकडे आवाज भद्द झाला. हातोडी डावीकडे सरकवली, तरी भद्द. उजवीकडेही भद्द. बाईंनी गिलावा खरवडला. आत वेगळ्या रंगाच्या मालाने बुजवलेली एक सरळ खाच होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्या खाली उतरल्या. दोघींनी पहारीने अंगणातला तुकडा कलता केला आणि वाकून पाहिले. त्याच्याही पोटाला खाच होती. बाहेरच्या कडेपासून दोन बोटे आत.

“दोन खाचा आहेत,” मुलगी म्हणाली. “म्हणून काय झालं?”

“पाण्याचा थेंब एकदाच तोडायचा असतो. बाल्कनीच्या मधोमध खाच कुणी ठेवत नाही. दोन खाचा म्हणजे दोन कडा.”

बाई पुन्हा वर गेल्या. आता त्यांनी भिंग काढून मोडलेली बाजू तपासली. मोडलेले काँक्रीट खडबडीत असते, त्यात खडी फुटलेली दिसते. इथे पृष्ठभाग सपाट होता आणि त्यावर लाकडी फळीचे रेघारेघांचे ठसे होते, अगदी फळीतल्या गाठीसकट. चार वर्षांपूर्वी ओले काँक्रीट फळीला टेकून इथेच संपले होते. त्या सपाटीवर, तळाच्या बाजूला, सात गोल भोके होती. प्रत्येक वीतभर खोल आणि आतून स्वच्छ. पडलेल्या तुकड्यातून बाहेर आलेल्या सरळ सळयाही सातच होत्या आणि वीतभरच.

“कुणीतरी तयार कडेला ड्रिलने भोकं पाडली, त्यात सळया खोवल्या आणि पुढे दोन फूट नवं काँक्रीट ओतलं. वरून फरशी, खालून गिलावा. शिवण दिसेनाशी झाली.” बाई शिडीवरूनच बोलत होत्या. “तुमच्या वडिलांची बाल्कनी मोडली नाही. उसवली.”

मुलीने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती.

“फिटर सुटला?” तिने विचारले.

“अजून नाही. ठेकेदार म्हणेल, जोडकामही त्यानेच केलं. हे काम कुणाचं, ते कळायला हवं.”

“आणि कुणाच्या सांगण्यावरून, तेही,” मुलगी म्हणाली. ती असे का म्हणाली, हे बाईंना शुक्रवारी कळले.

६. निळा खडू

गुरुवारी मंडळाची कचेरी उघडली तेव्हा गवंडी पायरीवर बसला होता. त्याच्या मांडीवर कागदाची एक सुरळी होती. आपण घरून निघालो ते परत येण्याच्या हिशेबाने नाही, असा त्याचा चेहरा होता.

“फिटरचं नाव आलं तेव्हा वाटलं, चौकशीत सुटेल बिचारा,” तो म्हणाला. “काल त्याची बायको घरी आली होती. एकोणीस वर्षं लोखंड बांधणारा माणूस रात्री झोपेत ‘वर, वर’ म्हणतो म्हणे. मग मला राहवेना.”

त्याने सुरळी उलगडली. तो मास्तरांचा नकाशा होता. बाल्कनी शाईने छापलेली, तीन फूट. तिच्यापुढे शिंप्याच्या निळ्या खडूने दोन फुटांची पट्टी वाढवलेली होती. रेघ सलग नव्हती. तुटक होती, धावदोऱ्यासारखी. पट्टीत सतरा लहान गोल आणि एक चौकोन.

“मास्तर रोज कामावर यायचे,” गवंडी सांगू लागला. “ऊन असो, धूळ असो, स्टुलावर बसायचे. कुणाचं बटण लाव, कुणाची बाही शिव. माझ्या शर्टाची कॉलर त्यांनी उलटवून दिली होती, अजून घालतो. एक दिवस हा कागद पुढे केला. म्हणाले, मिस्त्री, कुर्ता आखूड झाला तर आम्ही खालून पट्टी जोडतो. तुम्हाला एवढं जमणार नाही? मी म्हटलं, मास्तर, तुमचा दोरा तसं आमचं लोखंड. सुट्टीच्या दिवशी येऊन करून दिलं. उरलेल्या सळया होत्या.”

“सळया तळाशी का?”

“वरच्या अंगाला भोकं पाडायला गेलो, तर फिटरचं लोखंड ड्रिलला आडवं यायचं. खाली मोकळी जागा होती.”

हा जबाबातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होता. ज्या लोखंडावर आरोप होता, ते वर असल्याची साक्ष ड्रिलने दिली होती.

“तुम्हाला धोका वाटला नाही?”

“कड कशी आली, एवढंच मला कळतं, बाई. भार कसा जातो ते मला कुणी शिकवलं नाही. कुणी विचारलंही नाही की येतं का तुला.”

“ठेकेदाराला माहीत होतं?”

“मी नाही सांगितलं. पण चार दिवसांनी ते आले आणि वर बघत उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. पुढच्या आठवड्यात निरोप आला, जुनी खाच बुजव आणि खालून गिलावा एकसारखा कर.”

“निरोप कुणी आणला?”

“फोनवर सांगितलं. लिहून कोण देतंय?”

म्हणजे एका माणसाचा शब्द, दुसऱ्या माणसाचा नकार. बाई नकाशाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वहीतले पहिल्या दिवशीचे वाक्य काढले, टोपी घातली आणि ठेकेदाराने बांधलेली दुसरी दोन घरे पाहायला निघाल्या. तुलनेला नमुना नसेल तर निष्कर्ष काढू नये, असे त्या वीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आल्या होत्या.

७. टेप कुणाच्या हातात

शुक्रवारच्या सुनावणीत नकाशा टेबलावर पसरला तेव्हा ठेकेदाराचा चेहरा पडला नाही, उलट खुलला.

“बघा! मास्तरांनीच मागितली होती! माझ्या पाठीमागे, सुट्टीच्या दिवशी, माझ्याच माणसाकडून! मी काय करणार?” तो मुलीकडे वळला. “ताई, वाईट वाटतं सांगायला, पण घरचंच झालं हे.”

मुलगी नकाशातल्या चौकोनावर बोट ठेवून बसली होती. “ही माझी खुर्ची,” ती म्हणाली. “तेव्हा मी सासरहून परत येणार की नाही, ठरत नव्हतं. बाबा फोनवर म्हणायचे, तुझी जागा केलीय.”

फिटर शेवटच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून बसला होता.

बाईंनी टेबलावर दोन लोखंडी नळ्यांचे तुकडे ठेवले. एक अंगठ्याएवढा जाड, दुसरा मनगटाएवढा.

“पहिला नमुना ठेकेदारांच्या दुसऱ्या घरातला, मालकाने दिलेला. काल पाहिलेल्या त्यांच्या दोन्ही घरांना याच जाडीचं रेलिंग आहे. दुसरा मास्तरांच्या बाल्कनीचा. इथेच एवढा जाड का?”

“मजबूत काम केलं तर तेही चुकलं?” ठेकेदार म्हणाला.

“इतर ठिकाणी रेलिंग फक्त बाल्कनीच्या कडेवर उभं आहे. इथे दोन्ही बाजूंच्या नळ्या भिंतीत शिरतात, प्रत्येकी चार बोल्टांनी. आणि प्रत्येक नळी पाच फुटांची, अखंड, मधे सांधा नाही. म्हणजे माप घेणाऱ्याने भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत टेप धरला आणि पाच फूट वाचले. नकाशात तीन होते.” बाईंनी वही उघडली. “सोमवारी तुम्ही मला सांगितलंत, प्रत्येक घराच्या रेलिंगचं माप तुम्ही स्वतः घेता. ‘टेप माझ्याच हातात.’ मास्तरांच्या घरीसुद्धा का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘सांगतोय काय मग!’”

ठेकेदाराने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“तुम्ही बाल्कनी पाहिलीत. ती पडणार, हेही तुम्हाला कळलं. पाडायला सांगितलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं. त्याऐवजी तुम्ही जाड रेलिंग लावून तिला भिंतीला टांगलंत. लोकांना वाटायचं, बाल्कनीने कठडा धरलाय. चार वर्षं कठड्याने बाल्कनी धरली होती. त्या आठ बोल्टांमध्ये पाणी गेलं. पाच गंजून तुटलेले सापडले, उरलेले तीन शनिवारी भिंतीतून ओढले गेले. चौदा नंबरच्या फाइलमध्ये तीन फुटांचा नकाशा होता, म्हणून ती शनिवारनंतर नाहीशी झाली. ज्याला बाल्कनी पाच फुटांची केल्याचं ठाऊक नाही, त्याला तीन फुटांच्या नकाशाची भीती कशाला वाटेल?”

“मास्तर हट्टी होते, मॅडम,” ठेकेदार म्हणाला. त्याचा आवाज आता व्यवहाराचा होता. “पाडली असती तर घर ताब्यात घेतलं नसतं. शेवटी गिऱ्हाईक मागतं ते द्यावं लागतं. धंदा आहे.”

“माझाही धंदाच आहे,” मुलगी म्हणाली. तिने नकाशावरचे बोट उचलले नव्हते. “माझ्याकडे रोज कुणीतरी चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागतं. कुणी ओरडतं, कुणी रडतं. ओळखीचेच असतात सगळे. मी देत नाही. दिल्या आणि कुणी मेलं, तर ‘त्यांनीच मागितल्या’ असं मला म्हणता येत नाही. दुकानात माझा परवाना टांगलाय तो त्यासाठीच.” ती ठेकेदाराकडे वळली. “माझ्या बाबांना शिवणकाम कळत होतं. बांधकाम तुम्हाला कळत होतं. त्यांनी विचारणं चूक नव्हतं. तुम्ही नाही म्हणायला हवं होतं.”

गवंड्याने मान खाली घातली. ते वाक्य त्याला उद्देशून नव्हते, पण त्याच्यापर्यंत पोचले होते.

मंडळाचा निर्णय दीड पानाचा होता. ठेकेदाराचा परवाना नाकारला आणि प्रकरण त्याच्या नावाने पोलिसांकडे गेले. गवंड्याचा जबाब सोबत जोडला. त्याचे काय करायचे, ते न्यायालय ठरवणार होते. इंजिनिअरचा सहीचा अधिकार काढून घेतला. फिटरबद्दल एकच ओळ होती: याच्या कामात दोष आढळला नाही.

बाईंना ती ओळ अपुरी वाटली. दोष न आढळणे आणि काम बरोबर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून पुढच्या सोमवारी उरलेल्या तीन फुटांवर वाळूची सोळा पोती रचली गेली आणि खाली मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारे, घड्याळासारखे काट्याचे मापक लावले. चोवीस तासांनी काटा दीड मिलिमीटर खाली होता. पोती उतरवली, तसा तो जवळजवळ होता तिथे परत आला. फिटर पहिल्या पोत्यापासून शेवटच्या पोत्यापर्यंत अंगणात उभा होता.

“वर आहेत,” बाई म्हणाल्या.

“सांगितलं होतं,” फिटर म्हणाला.

वाचलेल्या कुंड्या नऊ होत्या. नवे रेलिंग कुठे येणार, ते विचारून मुलीने त्या भिंतीलगत ओळीने मांडल्या. मग आत जाऊन एक खुर्ची आणली. ती ठेवल्यावर पाय पसरायला जागा उरत नव्हती. तिने कडेच्या पलीकडे, हवेत, हाताने एक रेघ ओढली.

“फिटरदादा, इथून पुढे फक्त एक फूट वाढवायचं म्हटलं तर?”

उत्तर तिला ठाऊक होते. ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचे होते.

“नाही, ताई,” फिटर म्हणाला.